राक्षसाला एक खोड हवी!

मागच्या वीकेंडला मावशीकडे, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला गेले होते. १७९५ मध्ये मराठे आणि निजाम जिथे भिडले, तेच हे खर्डा. म्हटलं, भुईकोट किल्ला बघू. पण दहावीतला मावसभाऊ कॉम्प्युटरसमोरून उठेना. पठ्ठ्या स्वतःचा गेम बनवत होता!

"ताई, राक्षस बघ. सहा डोकी, बारा हात, आग ओकतो!"

बघितला. खरं सांगू? दोन मिनिटांत बोअर झाला. आता हे त्याला सांगायचं कसं?

म्हटलं, १९८० चा 'पॅक-मॅन' बघ. भुतं चारच, दिसायला सारखीच, फक्त रंग वेगळे. पण लाल भूत थेट मागे लागतं, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवतं आणि नारिंगी अगदी जवळ आलं की स्वतःच पळ काढतं. आपल्या ऑफिसातली मंडळी आठवली ना? 'पोकेमॉन'मधला क्युबोन तर एवढासा, पण डोक्यावर मेलेल्या आईची कवटी. संपली गोष्ट, जीव जडतो!

आणि आपला जंजिऱ्याच्या दरवाजावरचा शरभ? पंजात चिमुकले हत्ती, म्हणून तो प्रचंड वाटतो. जादा डोकी लागतात कशाला?

पोरगा गप्प. मला वाटलं, दुखावला.

संध्याकाळी हाक आली. राक्षसाला आता एकच डोकं. आग ओकतो, पण विहिरीपाशी आला की थबकतो.

"का रे?"

"सांगणार नाही. खेळ ना!"

बॉस, माझी पुण्याची शेवटची एसटी चुकली.