हाताजोगी नखी

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आम्हां शिक्षकांच्या जिभेवर फार सहज येते. विद्यार्थ्याने लेखणीस, पुस्तकास किंवा बाकास दोष दिला की आम्ही ती त्याच्या पुढ्यात टाकतो व मोकळे होतो. परंतु अंगण कधी कधी खरोखरच वाकडे असते, हे गेल्या पावसाळ्यात मला एका मुलाने शिकविले. आणि ते अंगण तरी केवढे, तर अंगठ्याच्या नखाहून थोडेसे मोठे!

हा मुलगा नववीत होता. सकाळच्या प्रार्थनेस तो गिटारची साथ करी. पण गीताच्या स्वरांपेक्षा तारांवरची खटखटच अधिक ऐकू येई. ‘सर, पिकमध्येच काही चूक असावी,’ असे तो म्हणाला, तेव्हा मी त्यास वरील म्हण ऐकविली. एवढ्यावर न थांबता, त्याचे वडील भेटीस आले असता, मुलाचा हात वाद्यास अनुकूल दिसत नाही, सबब हा नाद सोडून अभ्यास करावा, असेही सांगून बसलो. मुलाने गिटार पिशवीत घातली ती दीड महिना बाहेर काढली नाही.

पुढे एक माजी विद्यार्थी सहज शाळेत आला. त्याने मुलाची नखी हातात घेऊन पाहिली. ती दोन मिलिमीटर जाड व अणकुचीदार होती. एक प्रसिद्ध वादक तसलीच वापरतो, एवढ्याच कारणास्तव मुलाने ती घेतली होती. पाहुण्याने खिशातून एक पातळ नखी काढून त्याच्या चिमटीत दिली. हात तोच, गिटार तीच. पण खटखट नाहीशी झाली व गीत ऐकू येऊ लागले. त्याच दिवशी मी वर्गासमोर मुलाची क्षमा मागितली व त्याच्या वडिलांस पत्र लिहिले. प्रस्तुत लेख हा त्या पत्राचाच विस्तार होय.

नखी ही काही केवळ परदेशी वस्तू नव्हे. सतारीचा वादक उजव्या तर्जनीवर तारेची नखी चढवितो. ती सैल असली तर बोटावर फिरते, घट्ट असली तर बोट बधिर करते. म्हणून सतार मिरजेच्या उत्तम कारागिराने घडविलेली असली तरी नखी मात्र वादक आपल्या बोटाच्या मापाचीच घेतो. सरोद वाजविणारे नारळाच्या करवंटीचा घासून गुळगुळीत केलेला जवा चिमटीत धरतात. आपल्या कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेच्या यात्रेत गोंधळ्याचे तुणतुणे ऐकावे. त्याला तार एकच, पण ती बोटाने छेडावी की लहानशा काडीने, हे वाजविणाऱ्याचा हात ठरवितो.

गिटारच्या नख्या पूर्वी समुद्री कासवाच्या कवचाच्या करीत. पुढे सेल्युलॉइड व नायलॉन आले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व जगात १९७३ च्या वॉशिंग्टन येथील कराराने त्या कासवास संरक्षण मिळाले. तरी आजही कित्येक नख्यांवर तपकिरी ठिपक्यांचा जुना कवची रंग दिसतो. खरे कवच कोणी देऊ केले तरी घेऊ नये. चांगल्या स्वरासाठी कोणाचा जीव घेण्याचे कारण उरलेले नाही.

आता निवडीविषयी. ढोबळ मानाने ०.६ मिलिमीटरच्या आतील नखी पातळ, तेथून ०.८ पर्यंतची मध्यम व त्यापुढील जाड समजावी. पातळ नखी तारेस भिडताच वाकते, त्यामुळे सहाही तारांवरून हात सरळ उतरतो. गाण्याच्या साथीस हीच बरी. मात्र एकेक तार छेडून धून वाजवू लागल्यास तिचा स्वर पुसट येतो. जाड नखी वाकत नाही. हाताचा जोर ती जवळजवळ पूर्णपणे तारेस देते व स्वर भरदार उमटतो. पण नवशिक्याच्या हाती साथ करताना ती तारांत अडखळते. टोक अणकुचीदार असेल तर स्वर तीक्ष्ण, गोलसर असेल तर मऊ. अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये नखी धरून टोक थोडेच बाहेर ठेवावे. आपल्या लोणावळ्याच्या पावसाळ्यात बोटे दमट राहतात व गुळगुळीत नखी निसटते. म्हणून पृष्ठभाग खरखरीत असलेली निवडावी. गिटार नायलॉनच्या तारांची असेल तर बहुधा बोटेच पुरेत.

थोर वादकांचे अनुकरण करावे, असे कोणी म्हणेल. करावे; पण कोणाचे? पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फरोख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगास ठाऊक झाला. त्याच्या क्वीन नावाच्या वाद्यवृंदातील गिटारवादक ब्रायन मे नखीऐवजी सहा पेन्सचे जुने इंग्रजी नाणे वापरतो. उलट अमेरिकेचा वेस माँटगोमेरी नखी टाकून नुसत्या अंगठ्याने वाजवी. एकाची नखी धातूची, दुसऱ्याला नखीच नाही. आणि दोघेही नामांकित! त्यांच्यापासून घ्यावयाचे ते नाणे नव्हे, अंगठाही नव्हे. आपल्या हाताचे ऐकण्याची त्यांची सवय घ्यावी.

तथापि विद्यार्थिमित्रहो, ह्या लेखाचा आधार घेऊन दर आठवड्यास नखी बदलणाऱ्यास मी आजही तीच म्हण ऐकवीन. तीन-चार जाडीच्या नख्या आणाव्यात, एकच गीत प्रत्येकीने वाजवावे, मित्रास डोळे मिटून ऐकावयास सांगावे; एक ठरली की निदान महिनाभर तीच धरावी. नखी बदलल्याने सराव टळत नाही. अयोग्य नखीमुळे मात्र केलेला सराव वाया जातो.

आणि पालकांस माझी विनंती अशी की, मुलाची गिटार नीट वाजत नाही म्हणून महागडी नवी गिटार आणण्यापूर्वी, किंवा मी केले तसे, त्याचा हातच निरुपयोगी ठरविण्यापूर्वी, त्याच्या चिमटीत काय आहे ते पाहावे. एक साधी नखी चिक्कीच्या पुड्याहून स्वस्त पडते. तेवढ्या खर्चात ज्याची परीक्षा होऊ शकते, त्याचा निकाल आपण न तपासताच लावू नये. मी लावला होता. तो मुलगा आज पुन्हा प्रार्थनेस साथ करतो, आणि अंगण वाकडे असल्याची तक्रार कोणी केली तर मी आधी अंगण पाहून येतो.