माशांच्या पिल्लांना जगवायचे तर...

मुलांच्या हट्टाखातर आता पुष्कळ घरांत माशांची टाकी आली आहे. मोठ्या माशांचे दुकानातल्या दाण्यांवर भागते. अडचण येते ती त्यांना पिल्ले झाल्यावर. एंजल माशाची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर चार-पाच दिवस पोटाच्या पिशवीतल्या बलकावर जगतात. मग ती मोकळी पोहू लागतात आणि तेव्हा त्यांना अन्न लागते. दाण्यांचा चुरा न हलता तळाशी बसतो, पिल्ले त्याकडे वळतही नाहीत आणि पाहता पाहता शेकड्यातली दहा-वीसच उरतात. मुले रडवेली होतात, अम्मी म्हणते, "नशीब त्यांचे!" खरे तर ती भुकेने मेलेली असतात.

यावर सोपा उपाय म्हणजे ब्राईन श्रिंप, शास्त्रीय नाव आर्टेमिया. हा जवळ्यासारखा दिसणारा, खाऱ्या पाण्यातला बारीक जीव आहे. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकपासून इराणच्या उर्मिया सरोवरापर्यंत तो आढळतो. आपल्याकडे वडाळा, भाईंदरच्या मिठागरांतही त्याची नोंद आहे. त्याची कोरडी अंडी तपकिरी भुकटीसारखी दिसतात आणि ती वर्षानुवर्षे निपचित पडून राहू शकतात. खारे पाणी, ऊब, हवा आणि उजेड मिळाला की दीड दिवसात जिवंत पिल्ले बाहेर येतात.

कृती अशी. नळाचे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवा, म्हणजे त्यातले क्लोरीन उडून जाते. एक लिटर पाण्यात दोन सपाट मोठे चमचे (सुमारे 30 ग्रॅम) जाडे मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवा. दोन लिटरच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगा, बूच घट्ट लावा आणि हे पाणी ओता. त्यात अर्धा चहाचा चमचा अंडी टाका. टाकीच्या हवेच्या पंपाची नळी पार तळापर्यंत सोडा, अंडी सतत घुसळत राहिली पाहिजेत. पाणी 26 ते 28 अंश असावे. थंडीच्या दिवसांत शेजारी दिवा लावला तर ऊब आणि उजेड दोन्ही मिळतात.

24 ते 36 तासांत पाणी नारिंगी दिसू लागते. तेव्हा पंप बंद करून खालच्या बाजूला बॅटरीचा उजेड धरा. दहा मिनिटांत टरफले वर तरंगतात आणि पिल्ले उजेडाकडे गोळा होतात. बारीक नळीने ती काढून दाट सुती रुमालावर गाळा आणि गोड्या पाण्याने धुऊन लगेच माशांना द्या. टरफले देऊ नका, लहान पिल्लांच्या पोटात ती अडकतात. उशीरही करू नका. या पिल्लांना पहिले काही तास तोंडच उघडलेले नसते, ती स्वतःच्या बलकावर जगतात. बलक संपत गेला की त्यांच्यातला कसही कमी होतो. शिवाय गोड्या पाण्यात ती काही तासच टिकतात. म्हणून एका वेळी संपेल तेवढीच घाला, उरलेली मरून टाकीचे पाणी नासवतात.

मोठ्या माशांसाठी ती वाढवायची असतील तर पसरट टबात तेवढेच खारे पाणी घ्या आणि हवा मंद सोडा. आर्टेमिया पाणी गाळून खातो, त्यामुळे अन्न पिठाहून बारीक हवे. चिमूटभर यीस्ट किंवा स्पिरुलिनाची भुकटी कपभर पाण्यात कालवून त्याचे थोडे थेंब टाका. पाणी किंचित गढूळ झाले की थांबा. ते निवळल्याशिवाय पुन्हा घालू नका. उपाशी राहून मरणाऱ्या आर्टेमियापेक्षा जास्त अन्नाने पाणी कुजून मरणारेच अधिक. पाणी आटले तर गोडे पाणी घालून भरून काढा, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. दोन-तीन आठवड्यांत ते सेंटिमीटरभर वाढतात आणि उलटे, पोट वर करून पोहताना दिसतात. मुले तासभर पाहत बसतील!

अंड्यांची डबी घट्ट झाकणाची, कोरडी आणि फ्रिजमध्ये ठेवा. आपल्या पावसाळ्यात ओल लागली की निम्मी अंडी फुटतच नाहीत आणि महागाची डबी वाया जाते.

शेवटी एकच. टाकीत माशाची अंडी दिसली की त्याच दिवशी आर्टेमियाची अंडी आणून ठेवा. माशाची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर तिसऱ्या दिवशी बाटली लावा. हे काम घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलावर किंवा मुलीवर सोपवा, पण रोज रात्री एकदा विचारा, "पिल्लांना दिलेस का?" मुका जीव मागू शकत नाही. त्याला घरात आणले की त्याची वेळ आपणच सांभाळायची असते, हे त्यांना उपदेशाशिवाय कळेल.