माशांचें बिऱ्हाड

वैवस्वत मनूची कथा आपल्या घरांतील लहान मुलांनाहि ठाऊक असते. सकाळीं हात धुतांना हातांत आलेला इवलासा मासा त्यानें प्रथम कुंभांत ठेविला. वाढला तेव्हां खड्ड्यांत, आणि शेवटीं समुद्रांत सोडिला, असें शतपथ ब्राह्मणांत सांगितलें आहे. पुढील प्रलयाची गोष्ट सर्वांच्या ध्यानांत राहते. पाळलेल्या जिवास वाढीच्या मानानें मोठें घर द्यावें, ही साधी शिकवण मात्र आपण विसरतों. गोल्डफिश भांड्याच्या मापानेंच वाढतो, ही समजूत अद्यापि घरोघर आढळते. वस्तुतः लहान भांड्यांतील गढूळ जीवनानें त्याची वाढ खुंटते आणि आयुष्यहि.

गेल्या महिन्यांत परगांवीं बदली झालेल्या एका स्नेह्यांनीं आपली जुनी टाकी आम्हांस दिली. ती पाहून आमची धाकटी कन्या हरखली नाहीं, उलट, "पुन्हां मरणार नाहींत ना?" एवढेंच तिनें विचारलें. या प्रश्नास कारण होतें. तीन वर्षांपूर्वीं आम्हीं असेंच एक स्थलांतर केलें होतें. वाळू उकळली, फिल्टरचा स्पंज नळाखालीं शुभ्र होईपर्यंत धुतला, पाणी सगळें नवें भरलें. टाकी आरशासारखी लखलखत होती. चवथ्या दिवशीं मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकूं लागले. आठव्या दिवशीं तिघांपैकीं एकच उरला. आमच्या मातोश्री तेव्हां म्हणाल्या होत्या, "अरे, विरजणाची वाटीच घासून टाकलीस, मग दही लागणार कसें?"

त्यांनीं नेमकें वर्मावर बोट ठेविलें होतें. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, आणि तो त्यांना विष आहे. एका जातीचे सूक्ष्म जीवाणू त्याचें नायट्राइट करितात; तेंहि विषारीच. दुसरे जीवाणू त्याचें बरेंचसें निरुपद्रवी नायट्रेट करितात, व तें आपण पाणी बदलून काढून टाकतों. हे जीवाणू पाण्यांत फारसे नसतात. त्यांची वस्ती स्पंजावर आणि वाळूंत. कोऱ्या टाकींत ती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हां माशांचें बिऱ्हाड हलवावयाचें म्हणजे प्रथम हें विरजण हलवावयाचें.

या खेपेस आम्हीं घाई केली नाहीं. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे सुमारें 190 लिटर पाणी. काच व वाळू धरून भार अडीच क्विंटलांच्या आसपास जातो. म्हणून भक्कम, सपाट बैठक आधीं करावी, खालीं थर्माकोलचा थर घालावा, आणि भरलेली टाकी कधींहि हलवूं नये. प्रथम ती कोरड्या वर्तमानपत्रांवर ठेवून दोन दिवस भरून ठेविली. कागद ओला झाला असता तर सांध्यांतील जुनें सिलिकोन सर्व काढून नवें भरावें लागलें असतें. जुन्यावर नवें नीट चिकटत नाहीं. न्हाणीघरासाठीं मिळणारें बुरशीनाशक सिलिकोन मात्र वापरूं नये. तें माशांना घातक आहे. काचेवरील पांढरे डाग व्हिनेगरनें निघाले. साबणाचा थेंबहि लावला नाहीं.

नळाच्या पाण्यांत अँटी-क्लोरीन घालून तें रात्रभर हवेच्या पंपावर ठेविलें. दुसरे दिवशीं सकाळीं जुना स्पंज जुन्याच पाण्यांत हलकासा पिळून, ओला असतांनाच नव्या फिल्टरमध्यें बसविला व फिल्टर लगेच सुरू केला. कारण वाहतें पाणी व प्राणवायू यांवांचून ते जीवाणू फार काळ तग धरीत नाहींत. जुनी वाळू थोडीशी वर पसरली. मासा सर्वांत शेवटीं हलविला. जुन्या पाण्यानें अर्ध्या भरलेल्या झांकणाच्या डब्यांत त्यास घेऊन, तो डबा नव्या पाण्यांत वीस मिनिटें तरंगत ठेविला, म्हणजे उष्णमान सारखें झालें. मग पांच-पांच मिनिटांनीं वाटीभर नवें पाणी त्यांत घालीत गेलों; पाणी दुप्पट झाल्यावर त्यास अलगद आंत सोडिलें. त्या दिवशीं दिवा नाहीं, खाणें नाहीं. पुढें आठवडाभर अर्धेंच खाणें.

परीक्षेचा संच दुकानांत मिळतो. दोन आठवडे अमोनिया व नायट्राइट रोज तपासावें. शून्याहून अधिक दिसल्यास चवथा हिस्सा पाणी बदलावें. ही नोंद कन्येनें स्वतःच्या वहींत ठेविली. तीन वर्षांपूर्वीं वांचलेला तोच मासा आज लांबलचक फेऱ्या मारतो, आणि तिच्या वहींत चौदा दिवसांपुढें चौदा शून्यें आहेत. परीक्षेंतल्या शून्याचा आनंद आमच्या घरांत प्रथमच साजरा झाला.

आपल्या घरांतून स्वच्छतेस मोठा मान आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु लखलखीतपणा निराळा आणि निरोगीपणा निराळा. जुनी टाकी घेणाऱ्या वाचकांनीं काच खुशाल घासावी. विरजण तेवढें राखावें.