दोनशे रुपये कापले, ते गेले कुठे?



पगाराच्या दिवशी हातात जो कागद पडतो तो आपण खालून वाचतो. हातात किती आले ते बघायचे आणि घडी घालून खिशात टाकायचा. या महिन्याला मधली ओळ वाचा. 'पी.टी.' असे लिहिलेले असते आणि पुढे आकडा, 200. फेब्रुवारीत 300. वर्षाचे झाले 2500. हा व्यवसाय कर. महिन्याला दहा हजारांच्या वर पगार गेला की पुरुषाला एवढा लागलाच. 25 हजारांपर्यंतच्या बायकांना 2023 पासून माफी आहे, ते बरे झाले. पण मौज बघा. बारा हजारांच्या रिंगवाल्याला 2500 आणि दोन लाख घेणाऱ्या साहेबालाही 2500! 1988 साली घटनेत हीच मर्यादा घातली, ती साहेबाला ढालीसारखी झाली.

माझा मेव्हणा हिंजवडीला एका कंपनीच्या फाटकावर रखवालदार आहे. त्याच्याही कागदावर हीच ओळ. 2025 च्या जूनमध्ये पाऊस झाला तेव्हा त्याच्या खोलीपुढे गुडघाभर पाणी होते. बहिणीने भांडी कॉटवर ठेवली आणि पोरे शेजारी माडीवर पाठवली. मेव्हणा अर्ज घेऊन गेला, तर एका कचेरीने दुसरीचा पत्ता दिला आणि दुसरीने तिसरीचा. मी चौथी शिकलेला माणूस. मी त्याला विचारले, "दाजी, तुमचे दोनशे कापतात ते या तिघांतल्या कोणाकडे जातात?" तो म्हणाला, "कुणाकडेच नाही. ते मुंबईला जातात."

त्याने एका वाक्यात अख्खा अर्थसंकल्प सांगितला.

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातले भाताचे गाव. तिथे राजीव गांधी आयटी पार्क उभे राहिले. पार्कची जमीन एमआयडीसीची, भोवतालच्या बांधकामांना परवानगी पीएमआरडीएची, आणि गावचे गटार व कचरा ग्रामपंचायतीच्या गळ्यात. 2025 च्या जुलैत त्या वेळचे उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री अजित पवार पहाटे तिथे पाहणीला गेले आणि आयटी पार्क बंगळूर-हैदराबादला चालले म्हणून रागावले. राग खरा असेल, पण तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला होती?

हिशेब करू. एक लाख माणसांचा व्यवसाय कर वर्षाला 25 कोटी होतो. हिंजवडीत रोज लाखाच्या वर माणूस कामाला येतो. तो रस्ता झिजवतो, पाणी पितो, कचरा टाकतो. हे सगळे गावात, आणि कर मात्र सरकारी खजिन्यात. 1975 साली राज्याने कायदा करून हा कर आपल्याकडे घेतला. कारण चांगले दिले होते, रोजगार हमी. दुष्काळात होरपळलेल्या आपल्याच भावंडांना काम मिळावे म्हणून शहरातल्या पगारदाराने द्यायचे. त्याला कामगाराची ना नव्हती, आजही नाही. पण ज्या गावात कर कापला त्या गावाला त्यातले काय, याचे उत्तर कोणी दिले नाही.

आता केरळ बघा. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषेवर केरळ राज्य झाले. त्याच दिवशी आपल्याला द्वैभाषिकाच्या खोड्यात अडकवले होते. त्या केरळात हाच व्यवसाय कर ग्रामपंचायत आणि नगरपालिका घेते. तामिळनाडूतही तसेच. केरळात 1996 पासून योजनेच्या पैशातला 35 ते 40 टक्के वाटा गावाच्या हाती देण्याची चाल पडली. कोणत्या पंचायतीला किती, हे तिथल्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकातच छापतात. तिथले सरकार काही देवाचे नाही. पण मल्याळी माणसाला कळते आपल्या गावचे किती ते, आणि मराठी माणसाला कळत नाही, हे का?

फ्लोरा फाउंटनला 21 नोव्हेंबर 1955 ला गोळ्या झाल्या, त्या झेलणाऱ्यांत आपली गिरणगावची माणसे होती. राज्य आले. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या. सत्ता गावापर्यंत जाणार, असे सांगितले गेले. मग हळूहळू दोर परत ओढला. नगरपालिकांची जकात 1999 ला गेली. महापालिकांची जकात काढून 2010 पासून एलबीटी आणला. 2015 च्या ऑगस्टपासून 50 कोटींच्या आतल्या व्यापाऱ्याला तोही माफ केला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि महापालिका भरपाईवर बसल्या. नाक्यावर पावती फाडत व्यापाऱ्याला छळत, ती जकात मला परत नको आहे. पण पूर्वी शहराचा पैसा रोज शहरात यायचा. आता मंत्रालयातून हुकूम निघेल तेव्हा यायचा. कायम कामगाराला बदली करून टाकावे, तशी गत.

बरे, विचारायला निवडून दिलेला माणूस तरी हवा ना? पुणे जिल्हा परिषदेची मुदत 2022 च्या मार्चात संपली आणि 2025 साल सरले तरी निवडणूक झाली नव्हती. मधली सगळी वर्षे प्रशासक. त्या 2025 च्या मार्चात 7 लाख कोटींच्या वरचा अर्थसंकल्प मांडला, 45,891 कोटींची महसुली तूट दाखवून. लाडक्या बहिणीला 36 हजार कोटी. माझ्या बायकोलाही दीड हजार मिळाले, मी त्याच्याविरुद्ध बोलणार नाही. त्यातून पोराची वह्या-पुस्तके आली. पण तूट आली की पहिली कात्री कुठे लागते? ज्याला तोंड नाही तिथे.

मुळशीचे नाव आपण तरी विसरू नये. शंभर वर्षांमागे तिथल्या मावळ्यांची भातखाचरे टाटांच्या धरणात गेली. ती वीज मुंबईला आली आणि आपल्या आज्या-पणज्यांचे साचे तिच्यावर फिरले. 1921 ला सेनापती बापट त्यासाठी सत्याग्रहाला उतरले होते. पुढे तेच म्हातारपणी संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर आले. त्या तालुक्याने एकदा गिरण्यांना वीज दिली, आता संगणकांना जमीन दिली, आणि दोन्ही वेळा कर मोजायला बसले दुसरेच.

म्हणून मागणे एवढेच. व्यवसाय कराचा वाटा, जिथे कापला तिथल्या पंचायतीला किंवा पालिकेला, कायद्याने. अनुदान म्हणून नको, हक्क म्हणून हवा. मोठ्या पगाराला जास्त कर लागावा म्हणून घटनेतली मर्यादा बदला. आणि पंचायतवार आकडे अर्थसंकल्पात मराठीत छापा.

येत्या पगाराला तो कागद फाडू नका. गेटसभेला घेऊन या. आमदार मते मागायला आला की मधल्या ओळीवर बोट ठेवून विचारा, आमच्या गावचे यातले किती?