सीमाभागातील उतारवय आणि दातांच्या मुळांची कीड

भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ मधील राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात बारा वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांमध्ये दंतक्षय आढळला होता. ३५ ते ४४ या वयोगटात हे प्रमाण ८०.२ टक्क्यांवर गेले आणि ६५ ते ७४ या गटात ८५ टक्क्यांवर. आकडे जुने आहेत, पण त्यांचा कल नंतरच्या जागतिक अभ्यासांशी जुळणारा आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार जणांची तपासणी वर्षानुवर्षे होत आली. त्यांच्यात नवी कीड लागण्याचा वेग बालपण सरल्यावर मंदावला नाही, तिशी ओलांडेपर्यंत तो जवळपास सारखाच राहिला. उपचार न झालेल्या दंतक्षयाचा जगभरचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात किडीची तीन शिखरे दिसली: सहाव्या वर्षी दुधाच्या दातांची, पंचविशीत पक्क्या दातांची आणि सत्तरीच्या आसपास दातांच्या मुळांची. दंत आरोग्याची शिबिरे मात्र अजून बहुतांशी शाळेच्या पटांगणातच भरतात.

या तिसऱ्या शिखराकडे दुर्लक्ष होण्याचे एक कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. डीएमएफटी निर्देशांकात किडलेले, काढलेले आणि भरलेले दात एकत्र मोजतात. साठीनंतर त्यातला मोठा वाटा काढलेल्या दातांचा असतो. तो दात किडीने गेला की हिरडीच्या आजाराने हलून पडला, हे रिकाम्या जागेवरून सांगता येत नाही. मुळावरची कीड तर या आकड्यात वेगळी दिसतच नाही. १९८० च्या सुमारास रॅल्फ कॅट्झ यांनी मुळांच्या किडीसाठी निराळा निर्देशांक मांडला. हिरडी उतरून उघडी पडलेली मुळे किती आणि त्यांपैकी किडलेली किंवा भरलेली किती, एवढेच त्यात पाहतात. हिरडीखाली झाकलेले मूळ सहसा किडत नाही, म्हणून ते हिशेबात धरत नाहीत. बेळगाव-निपाणी पट्ट्यातील दवाखान्यांना हा निर्देशांक विशेष उपयोगी आहे, कारण मुळे उघडी पाडणारी कारणे या भागात घरोघरी आहेत.

निपाणीची पेठ विडीच्या तंबाखूवर वाढली. १९८१ च्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने हे गाव महाराष्ट्रभर माहीत झाले. वखारींत तंबाखू चाळण्या-निवडण्याचे आणि घरी विड्या वळण्याचे काम मुख्यतः बायकांनी केले. तव्यावर भाजून कुटलेल्या तंबाखूची मशेरी, म्हणजे या भागातली मिसरी, त्यांच्या हाताशी कायमच होती. दात घासायला म्हणून सुरू झालेली मशेरी पुढे दिवसातून चार-पाच वेळा लागते. बोटाने घासून ती बराच वेळ हिरडीवर तशीच राहते. तंबाखूने हिरडी उतरते, कोळशासारख्या खरखरीत भुकटीने दाताची मान झिजते आणि त्या खाचेत अन्न अडकते. राखुंडी किंवा विटेची पूड वापरणाऱ्यांत झीज अशीच दिसते. पुरुषांत चुना-तंबाखूची चिमूट खालच्या ओठामागे ठरलेल्या जागी ठेवली जाते आणि नेमकी तिथलीच हिरडी खाली सरकलेली आढळते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत ही बंदी पोहोचत नाही. तिथे पोहोचू शकतो तो दंतवैद्यच, आणि कर्करोगाची भीती घालून न हललेली बाई पुष्कळदा उघडी पडलेली मुळे आरशात दाखवल्यावर ऐकते.

उघडे मूळ किडायला फारसे आम्ल लागत नाही. दाताचे एनॅमल साधारण ५.५ सामूच्या खाली विरघळू लागते. मुळावरचे सिमेंटम आणि त्याखालचे डेंटिन ६.२ ते ६.७ च्या दरम्यानच विरघळायला लागते. म्हणजे ज्या सौम्य आम्लाने दाताच्या माथ्याला काही होत नाही, तेवढ्याने मूळ खचू लागते. दिवसातून सहा वेळा गोड चहा पिणाऱ्याच्या तोंडात असे आम्ल सतत तयार होत असते. चिकोडी-निपाणीचा पट्टा उसाचा, शेजारी कोल्हापूरचा गूळ. साखर सोडून गुळाच्या चहावर आलेल्या ज्येष्ठांना, त्यांत मधुमेहीही आले, आपण निर्धोक झालो असे वाटते. गुळातला मोठा भाग सुक्रोजचाच असतो आणि दातांवरचे जीवाणू त्यातून तितक्याच सहज आम्ल बनवतात. आहाराची चौकशी करताना ‘साखर किती’ या प्रश्नाने ही माहिती निसटते. ‘दिवसभरात तोंडात गोड किती वेळा जाते’ असे विचारावे लागते.

उतारवयातले सर्वांत मोठे कारण मात्र लाळेचे आहे. वय वाढले म्हणून निरोगी माणसाची लाळ फारशी आटत नाही. ती आटते औषधांनी. लघवीच्या गोळ्या, नैराश्यावरची आणि झोपेची काही औषधे, सर्दी-खाजेच्या गोळ्या यांची यादी लांबच आहे आणि एकाच वेळी चार-पाच औषधे घेणाऱ्यात परिणाम एकमेकांत मिसळतो. रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिनने काहींची हिरडी सुजून वाढते, मग घासणे अवघड होते. अनियंत्रित मधुमेहात लाळ कमी पडते आणि हिरड्यांचा आजारही बळावतो. कोरड पडलेल्या घशासाठी मग खडीसाखर किंवा लिमलेटची गोळी गालात धरली जाते. सहा महिन्यांत सगळ्या दातांच्या मानेला कीड लागलेला रुग्ण समोर आला, तर त्याच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून पाहणे हा तपासणीचाच भाग आहे. गालाच्या आतल्या बाजूला आरसा चिकटत असेल तर लाळ कमी पडत असल्याची शंका घ्यावी.

मुखकर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. तंबाखूच्या या पट्ट्यातील असे रुग्ण बेळगाव, कोल्हापूर, मिरजेला उपचार घेऊन गावी परततात. लाळग्रंथी किरणांच्या टप्प्यात आल्या असतील तर काही महिन्यांत दात मानेपासून तुटू लागतात आणि तेव्हा दात काढावा तर जबड्याचे हाड सडण्याचा धोका उभा राहतो. म्हणून न टिकणारे दात किरणोपचारापूर्वीच काढणे आणि उरलेल्यांना आयुष्यभर फ्लोराइडचे संरक्षण देणे, हे दोन्ही निर्णय कर्करोगतज्ज्ञ व गावचा दंतवैद्य यांनी मिळून घ्यायचे आहेत.

मशेरी लावणाऱ्याच्या तोंडात मुळाची कीड ओळखणे सोपे नसते. काळा थर किडीवर आणि निरोगी मुळावर सारखाच चढतो. आधी दात स्वच्छ करावेत, कोरडे करावेत आणि मगच ठरवावे. रंगापेक्षा स्पर्श भरवशाचा. मऊ किंवा चामड्यासारखा लागणारा भाग सक्रिय, तर कठीण आणि गुळगुळीत लागणारा भाग थांबलेला समजावा. टोकदार एक्स्प्लोरर जोराने खुपसला तर मऊ मुळाला तिथेच भोक पडते, म्हणून हात हलका हवा.

प्रत्येक किडीला ड्रिल लावण्याची गरज नाही. पोकळी न पडलेली कीड फ्लोराइडने थांबवता येते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शनात मुळांच्या किडीसाठी ५००० पीपीएम फ्लोराइडच्या पेस्टला पहिली पसंती आहे. भारतात नेहमीच्या टूथपेस्टवर १००० पीपीएमची मर्यादा असल्याने इथे ५ टक्के सोडियम फ्लोराइडचे व्हार्निश दर तीन महिन्यांनी लावणे अधिक व्यवहार्य ठरते. ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा वर्षातून एकदा दिलेला हात ज्येष्ठांमध्ये नवी मूळ-कीड रोखतो, हे हाँगकाँगच्या चाचण्यांत दिसले आहे. त्याने कीड काळी पडते हे आधी सांगून टाकावे. खाटेवर पडलेल्या आजीला घरी जाऊन, सुईशिवाय देता येणारा हा उपचार सीमाभागातल्या खेड्यांत आजच्याहून कितीतरी जास्त वापरला जायला हवा. पोकळी भरायची झाल्यास हिरडीलगतच्या ओलसर जागी ग्लास आयोनोमर सिमेंट सोयीचे पडते. पण पुढचे दात असतील आणि जागा कोरडी ठेवता येत असेल तर इतर पर्यायही खुले आहेत.

कवळीचाही इथे संबंध आहे. कर्नाटक सरकारची दंत भाग्य योजना दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना मोफत कवळी देते आणि सगळे दात गेलेल्या माणसाला जेवता येणे ही लहान गोष्ट नाही. मात्र योजनेचा लाभ मिळतो तो दात गेल्यावर. त्याच माणसाचे आठ-दहा दात शिल्लक असताना मुळांवर व्हार्निश लावण्यासाठी तशी तरतूद असती तर खर्चही कमी आला असता. काढता-घालता येणाऱ्या अर्ध्या कवळीचे हूक ज्या दातांना धरतात त्यांच्या माना सर्वांत आधी किडतात, रात्री कवळी न काढणाऱ्यांच्या तर हमखास. तार गुंडाळून, त्यावर अ‍ॅक्रिलिक ओतून बसवलेल्या ‘पक्क्या’ दातांखाली आधाराचे दोन्ही दात वर्ष-दोन वर्षांत सडलेले निघतात. असा रुग्ण आला की त्याला रागावण्यापेक्षा ते अ‍ॅक्रिलिक कापून काढणे आणि खालची मुळे वाचतात का पाहणे अधिक महत्त्वाचे.

निपाणीचा रुग्ण कधी कोल्हापूरला दाखवतो, कधी बेळगावच्या दंत महाविद्यालयात. दोन राज्यांतल्या केसपेपरांची गाठ पडत नाही. कोणत्या मुळावर कोणत्या महिन्यात काय लावले, पुढचे व्हार्निश केव्हा, चालू औषधे कोणती, एवढे एका कार्डावर मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून रुग्णाच्याच हाती दिले तर पुढच्या दंतवैद्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. दात घासायच्या सूचना मात्र कार्डावर लिहून भागत नाही. हात थरथरणाऱ्या ज्येष्ठाचे दात प्रत्यक्षात सून, मुलगी किंवा नात घासणार असते, म्हणून जाड मुठीचा मऊ ब्रश हिरडीच्या कडेला कसा फिरवायचा आणि पेस्ट थुंकल्यावर चूळ का भरायची नाही, हे तिलाच खुर्चीजवळ बोलावून दाखवायचे असते.