प्रास्ताविका पाठ झाली, आता ती वर्गात दिसू द्या

ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातला एक व्हिडिओ साऱ्या देशाने पाहिला. पाढे पाठ केले नाहीत म्हणून शिक्षिकेने सात वर्षांच्या एका मुस्लिम मुलाला उभे केले आणि वर्गातल्या इतर मुलांना त्याला चापट मारायला लावली. त्या रडणाऱ्या मुलाची काळजी सगळ्यांनाच वाटली. आम्हाला मारणाऱ्या मुलांचीही वाटली. ती मुलं त्या दिवशी शाळेत काय शिकली?

तुषार गांधी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारला चांगलेच सुनावले. मूल अमुक समाजाचे आहे म्हणून त्याला शिक्षा होत असेल, तर अशा शिक्षणाला दर्जेदार म्हणता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. यात नवे काही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते. कलम २९ सांगते की अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांना धरून असावा आणि मूल भीतीमुक्त असावे. कायदा आहे, पण तो वर्गापर्यंत पोहोचत नाही, हे खरे दुखणे आहे.

आपल्या महाराष्ट्रात तरी काय चित्र आहे? २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून शाळांत प्रास्ताविकेचे वाचन सक्तीचे झाले. मराठी शाळा असो की उर्दू, परिपाठात मुलं ती खणखणीत म्हणतात. मात्र त्याच शाळेत मधल्या सुट्टीत कुणी डब्यावरून टोमणा मारतो, कुणी नावावरून चिडवतो. मूल घरी येऊन सांगते आणि आपण म्हणतो, "जाऊ दे बेटा, लक्ष देऊ नकोस." मग बंधुता हा शब्द त्याच्यासाठी फक्त पाठांतराचा राहतो.

मूल्ये पाठांतराने येत नाहीत, सवयीने येतात. बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत २००९ मध्ये सुरू झालेला 'मूल्यवर्धन' कार्यक्रम याच विचाराचा आहे. त्यात उपदेशापेक्षा भर असतो तो जोडीने आणि गटाने काम करण्यावर, दुसऱ्याचे ऐकून घेण्यावर, वर्गाचे नियम मिळून ठरवण्यावर. रोज वेगळ्या घरातल्या मुलाशेजारी बसून गणित सोडवणाऱ्या मुलाला आदर म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आता थोडे आपल्याही घरात डोकावू या. मुलासमोर आपण इतर धर्मांच्या, इतर जातींच्या लोकांबद्दल कोणत्या भाषेत बोलतो? आपल्याच बिरादरीत कुणाला कमी लेखतो का? शाळेकडून आदर मागायचा आणि घरात तो शिकवायचा नाही, हे चालणार नाही. काही पालक असा अनुभव आला की मुलाला सरळ 'आपल्या' शाळेत घालतात. त्यांची भीती आम्ही समजू शकतो. पण सगळ्यांनीच तसे केले तर मुलं एकमेकांना ओळखणार कधी? आणि जी मुलं आपल्याच शाळांत शिकतात, त्यांची शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांशी वर्षातून दोन-चारदा तरी खेळात, स्नेहसंमेलनात गाठ पडलीच पाहिजे.

मग करायचे काय? सरकारी शाळांच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. आपल्या मोहल्ल्यातले किती पालक तिथे जातात? अम्मी-अब्बांनी बैठकीला जावे, नुसती तक्रार घेऊन नव्हे, तर सूचना घेऊन. बसण्याच्या जागा बदलत्या ठेवा, चिडवण्याबद्दल वर्गात उघड चर्चा करा, असे सांगावे. गंभीर प्रकार घडला तर तोंडी न बोलता मुख्याध्यापकांना लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. सोबत दुसऱ्या समाजाचे दोन पालक असतील तर अधिक चांगले. एका मुलाचा अपमान हा साऱ्या वर्गाचा प्रश्न आहे, हे त्यातूनच शाळेला कळेल.

मुजफ्फरनगरच्या त्या वर्गात एकाही मुलाने "मी मारणार नाही" म्हटले असते, तर ते साऱ्या वर्गाने पाहिले असते. तसे म्हणण्याची हिंमत आपल्या मुलांत यावी, आणि आपल्या मुलांसाठी दुसऱ्यांच्या मुलांतही यावी. त्यासाठी उद्याच्या पालक सभेला जायला हवे.