धूर मोजावा रस्त्यावरच

प्रयोगशाळेत सोवळी, रस्त्यावर ओवळी: फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींचे हे बिंग फुटायला एका ना-नफा संस्थेचे संशोधन कारण ठरले. ‘इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन’ने २०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडून चाचण्या करून घेतल्या. अमेरिकेतल्या डिझेल गाड्या स्वच्छ आहेत, हे युरोपला दाखवावे, एवढाच हेतू. मोजणी यंत्र डिकीत, त्याची नळी सायलेन्सरला आणि गाडी थेट रस्त्यावर. फोक्सवॅगनच्या जेट्टा गाडीचे नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या १५ ते ३५ पट भरले. हे निष्कर्ष नियामकांपर्यंत गेले. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी कंपनीला नोटीस बजावली. चाचणी ओळखून धूर आवरणारी आज्ञावली जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत असल्याचे कंपनीला कबूल करावे लागले.

भारतातही पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहन संशोधन संस्थेच्या तपासणीनंतर कंपनीने सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींना प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचणीचे निकष लागू झाले, हे योग्यच. पण जुन्या डिझेल गाडीच्या ‘पीयूसी’ या प्रदूषण तपासणीत आजही धुराचा काळेपणा तेवढा पाहतात, नायट्रोजन ऑक्साइडची दखलच नाही. सरकारने या वायूची मोजणी सक्तीची करावी, चाचण्यांची आकडेवारी खुली करावी आणि स्वतंत्र संस्थांच्या तपासणीला निधी द्यावा. कारखानदाराच्या शब्दावर प्रमाणपत्रे वाटली, तर किंमत नागरिकांची फुप्फुसे मोजतात.